समुद्री बर्फातलं मीठ जातं कधी?

गैरसमज: समुद्राचं पाणी गोठताना मीठ त्याच क्षणी बाहेर फेकलं जातं.

वस्तुस्थिती: हे विधान अर्धं खरं आहे, म्हणूनच ते खोडून काढणं जड जातं. बर्फाचा स्फटिक मिठाला जागा देत नाही, हे खरं. पण समुद्री बर्फ म्हणजे नुसते स्फटिक नव्हेत. त्यांच्यामधल्या फटींत दाट मिठवणी अडकून राहते. गोठण्याच्या क्षणीच मीठ जात असतं, तर नवा, कोवळा बर्फ सर्वांत कमी खारट असायला हवा होता. प्रत्यक्षात तोच सर्वांत जास्त खारट असतो!

मग मीठ जातं कसं? हिवाळ्यात बर्फाची वरची बाजू थंड, तर तळ उणे 1.8 अंशाच्या आसपास असतो. उणे 10 अंशांवर मिठवणीत किलोमागे सुमारे 140 ग्रॅम मीठ असतं, म्हणजे समुद्राच्या चौपट. म्हणजे वरच्या थंड भागातली मिठवणी जास्त खारट आणि जड. जड पाणी वर आणि हलकं पाणी खाली, अशी रचना टिकत नाही. बर्फ पुरेसा सच्छिद्र असेल तर मिठवणी वाहिन्यांतून खाली उतरते आणि तिची जागा समुद्राचं पाणी घेतं. हेच अभिसरण. संशोधक डिर्क नोट्झ आणि ग्रे वूर्स्टर यांनी 2009 मध्ये दाखवून दिलं, की बर्फातलं मीठ लक्षणीय प्रमाणात घटवणाऱ्या प्रक्रिया दोनच : हिवाळ्यातला हा निचरा आणि उन्हाळ्यात वितळलेल्या पाण्याने होणारी धुलाई. तरीही जुनं वाक्य फिरतच राहतं.

गैरसमज: बर्फात छिद्र पाडून काढलेल्या दंडगोलात, म्हणजे गाभ्यात, मोजलेली क्षारता म्हणजे बर्फातली खरी क्षारता.

वस्तुस्थिती: गाभा वर काढताच त्यात भोकं पाडून तापमान घेतात, चकत्या कापून बंद डब्यांत वितळवतात आणि विद्युतवाहकतेवरून क्षारता काढतात. पण गाभा वर येत असतानाच तळाच्या उबदार, सच्छिद्र थरातून मिठवणी ठिबकून जाते. त्यामुळे तिथली क्षारता कमी भरते, सच्छिद्रता कमी निघते आणि जोरात चाललेलं अभिसरण गणितात मंद दिसतं. म्हणून तळाच्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बर्फातच गोठवून ठेवलेल्या तारांनी जागच्या जागी केलेली मोजणी त्यासाठी अधिक भरवशाची.

आणखी काही:

बर्फातून पाणी केव्हाही झिरपतं. – नाही, गोल्डन, अ‍ॅकली आणि लिटल यांच्या 1998 च्या निबंधानुसार स्तंभाकार बर्फात मिठवणीचं प्रमाण सुमारे 5 टक्क्यांखाली गेलं की वाट जवळजवळ बंद होते.

जुना बर्फ जास्त खारट. – उलट, उन्हाळी धुलाईमुळे त्याचा वरचा थर जवळजवळ गोडा होतो.

समुद्री बर्फाचा गाभा हजारो वर्षांचं हवामान सांगतो. – तो गाभा हिमचादरीचा. समुद्री बर्फाचं वय बहुधा काही महिने ते काही वर्षं.

मीठ गेलं तर बिघडलं काय? – वेडेल समुद्रासारख्या ठिकाणी याच मिठाने जड झालेलं पाणी महासागराच्या तळाशी जातं. मीठ कधी आणि किती सुटतं हे चुकलं, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.