श्रवणयंत्राच्या प्रकाराची निवड : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

दृष्टी मंदावली की मनुष्य उघडपणे चष्मा लावतो. श्रवणशक्ती मंदावली की मात्र ती लपविण्याकडे त्याचा कल असतो. श्रवणयंत्र घेण्याची वेळ आल्यावर 'कोणाला दिसणार नाही असे यंत्र हवे' ही पहिली मागणी असते ती याच संकोचातून. वास्तविक यंत्राचा आकार श्रवणदोषाचे प्रमाण, कानाची अवस्था, बोटांची पकड आणि बॅटरीची उपलब्धता यांवरून ठरावयास हवा. या निकषांवर भंडाऱ्यासारख्या धानपट्ट्यातील बहुसंख्य व्यक्तींना कानामागे बसणारे यंत्र व त्यास जोडलेला मापाचा साचा हाच पर्याय उपयुक्त ठरतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

श्रवणदोषाचे स्वरूप :

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या श्रवणविषयक अहवालात २० ते ३५ डेसिबलपर्यंतचा दोष सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र, ६५ ते ८० तीव्र व त्यापुढील अतितीव्र मानला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मात्र दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा अधिक दोष असल्यासच व्यक्ती श्रवणविकलांग गणली जाते. यातून एक गैरसमज रूढ झाला आहे. प्रमाणपत्र मिळाले नाही म्हणजे यंत्राची गरज नाही, असे मानले जाते. ४५ डेसिबल दोष असणाऱ्या शिक्षकाला प्रमाणपत्र मिळणार नाही, पण वर्गातील मागच्या बाकावरचा प्रश्नही त्याला ऐकू येणार नाही.

दोष किती, याइतकेच तो कोणत्या स्वरांत आहे हेही महत्त्वाचे. धान भरडाईच्या गिरण्या, तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी, पितळेची भांडी ठोकून घडविण्याचा भंडाऱ्याचा जुना व्यवसाय ही सर्व गोंगाटाची कामे होत. दीर्घकाळच्या गोंगाटाने प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपासचे उच्च स्वर हरपतात. स्वरवर्ण ऐकू येतात, परंतु स, श, च, ट, क यांसारखी मंद व्यंजने निसटतात. 'तास', 'ताट' आणि 'ताक' हे शब्द मग एकसारखेच भासतात. 'आवाज येतो, पण समजत नाही' ही तक्रार येथूनच उद्भवते, आणि घरातील माणसे तिला दुर्लक्ष समजतात.

अशा रुग्णाचे खालचे स्वर शाबूत असतात. त्याच्या कानात घट्ट साचा बसविल्यास स्वतःचाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमतो व तो यंत्र काढून ठेवतो. त्याला मागे छोटे यंत्र, बारीक नळी व कान न बुजविणारी मऊ टोपी असा प्रकार मानवतो. वर सांगितलेल्या मापाच्या साच्याला हा महत्त्वाचा अपवाद होय.

यंत्रांचे प्रकार व स्थानिक परिस्थिती :

कर्णनलिकेत पूर्णपणे दडणारे यंत्र सौम्य ते मध्यम दोषापुरतेच चालते. त्यात ध्वनिग्राहक व ध्वनिक्षेपक अगदी जवळ असल्याने आवाज वाढवताच शिट्टी वाजू लागते. शिवाय ते थेट घाम आणि कानातील मळ यांच्या संपर्कात राहते. मे महिन्यातील कडक ऊन, त्यानंतर रोवणीच्या दिवसांतील सततचा ओलावा आणि सुगीनंतर भरडाईतील कोंड्याची धूळ, असे वर्षभराचे चक्र पाहता हे नाजूक यंत्र येथे कितपत टिकेल याविषयी शंकाच आहे. ज्यांचा कान वाहतो त्यांनी तर कान बंद करणारे कोणतेही यंत्र कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून उपचार होईपर्यंत घालू नये.

बॅटरीचा मुद्दा दुय्यम मानला जातो. प्रत्यक्षात पुष्कळशी यंत्रे त्यामुळेच कपाटात पडून राहतात. सर्वांत लहान यंत्राला पिवळ्या पट्टीची १० क्रमांकाची बॅटरी लागते व ती काही दिवसांतच संपते. कानामागील यंत्राची नारिंगी पट्टीची १३ क्रमांकाची किंवा निळ्या पट्टीची ६७५ क्रमांकाची बॅटरी अधिक दिवस पुरते आणि थरथरत्या बोटांनाही धरता येते. या बॅटऱ्या हवेवर चालतात. पट्टी एकदा काढली की वापर असो वा नसो, त्यांचे आयुष्य सुरू होते. लाखांदूर किंवा पवनीकडील गावांत त्या किराणा दुकानात मिळत नाहीत. पुनर्भारित यंत्राने हा प्रश्न सुटतो, मात्र रोज रात्री वीज व आठवण दोन्ही हवीत.

खिशात ठेवावयाच्या जुन्या पेटीयंत्राची हेटाळणी करण्याचे कारण नाही. त्याचा पेन्सिल सेल कोठेही मिळतो, बटणे मोठी असतात. परंतु ध्वनिग्राहक छातीवर असल्याने कपड्यांची घासणी ऐकू येते आणि आवाजाची दिशा कळत नाही. रस्त्याने चालणाऱ्या माणसाला ही उणीव धोक्याची ठरू शकते.

मुलांच्या बाबतीत निवडीला वावच नाही. कान वाढत असल्याने कानामागील यंत्रच द्यावे लागते व साचा वेळोवेळी बदलावा लागतो. २०१६ च्या अधिनियमातील कलम ३२ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी राखीव आहेत, तेव्हा महाविद्यालयातही असे विद्यार्थी येणारच. अंतर वाढले आणि पंख्यांचा आवाज मिसळला की उत्तम यंत्राचीही मर्यादा उघडी पडते. प्राध्यापकाने गळ्यात अडकवावयाच्या दूरस्थ ध्वनिग्राहकाशी जोडता येईल असे यंत्र घेणे विद्यार्थ्याच्या हिताचे. अगदी लहान यंत्रांत या सोयीला बहुधा जागाच नसते.

आर्थिक बाजू :

केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या 'एडिप' योजनेतून आणि २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून पात्र व्यक्तींना यंत्रे दिली जातात. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे व त्यावरील पात्र ज्येष्ठांसाठी एकरकमी ३,००० रुपये थेट बँक खात्यात देण्याची तरतूद करण्यात आली. एवढ्या रकमेत जाहिरातीतील ध्वनिवर्धक घेण्याचा मोह होतो. तो सर्व स्वर सरसकट मोठे करतो. श्रवणालेखानुसार हवे तेच स्वर वाढविणे त्याला जमत नाही. त्यापेक्षा योजनेतून मिळालेल्या कानामागील यंत्राला स्वतःच्या कानाच्या मापाचा साचा करून घेण्यात ती रक्कम अधिक सार्थकी लागते. तयार टोपी सैल बसून शिट्टी वाजते, हेच अनेकदा यंत्र टाकून देण्याचे कारण असते.

खरेदीपूर्वी रुग्णाने श्रवणतज्ज्ञासमोर स्वतःच्या हाताने बॅटरी बदलून, यंत्र कानात घालून व काढून पाहावे. सुनेने किंवा मुलाने ते करून दाखविणे पुरेसे नाही. नंतरच्या जुळणीसाठी पहिल्या काही महिन्यांत दोन-तीन फेऱ्या होतातच. नागपूर भंडाऱ्याहून सुमारे ६० किलोमीटर आहे, साकोली-लाखांदूरकडून त्याहून बरेच दूर. यंत्र कोठून घ्यावे हे ठरविताना या फेऱ्यांचे भाडे व बुडणारी मजुरीही हिशेबात धरावी.