दानाचा हिशेब

दान दिले की विसरावे, त्याचा हिशेब मागणे हे अश्रद्धेचे लक्षण होय, असा एक संकेत बहुतेक सर्व धर्मांत रूढ आहे. वास्तविक हा संकेत दात्याच्या अहंकाराला आवर घालण्यासाठी आहे, घेणाऱ्याच्या चोपड्या झाकण्यासाठी नव्हे. परंतु त्याचा दुसराच उपयोग किती सहज होऊ शकतो, हे अमेरिकेतील जिम बेकर या धर्मोपदेशकाच्या प्रकरणाने दाखवून दिले.

बेकर आणि त्यांच्या पत्नीचा ‘पीटीएल’ हा दूरचित्रवाणी-कार्यक्रम लाखो घरांत पाहिला जाई. दक्षिण कॅरोलायनातील फोर्ट मिल येथे त्यांनी ‘हेरिटेज यूएसए’ ही भाविकांसाठी विश्रामनगरीच वसविली. १९८४ पासून तेथील ‘ग्रँड’ हॉटेलची आजीव भागीदारी विकण्यात येऊ लागली. एकदाच १,००० डॉलर द्यावे आणि जन्मभर दरवर्षी तीन रात्री विनामूल्य राहावे, अशी ही योजना. भागीदारांची मर्यादा २५ हजार सांगितली होती. विक्री झाली ६६ हजारांहून अधिक. येथे शाळकरी गणित पुरेसे आहे. हॉटेलच्या सुमारे ५०० खोल्या वर्षभर एकही रात्र मोकळी न ठेवता दिल्या, तरी १,८२,५०० मुक्काम होतात. भागीदारांना देणे होते दोन लाखांच्या आसपास. ‘टॉवर्स’ या दुसऱ्या हॉटेलच्या भागीदाऱ्या ६८ हजारांवर विकल्या गेल्या आणि ती इमारत तर पुरीच झाली नाही. अशा योजनांतून जमलेल्या सुमारे १५ कोटी ८० लाख डॉलरपैकी बराच पैसा संस्थेच्या रोजच्या खर्चात आणि बेकर दांपत्याच्या ऐषआरामात गेला. पैसे देणाऱ्यांत निवृत्तिवेतनावर जगणारी वृद्ध माणसे पुष्कळ होती.

त्यांच्या कुत्र्याच्या वातानुकूलित घराची जगाने थट्टा केली. गुन्हा त्या घरात नव्हता. तो वरच्या गुणाकारात होता. मग तो कोणी का मांडला नाही? भागीदारांना एकूण विक्रीचा आकडाच ठाऊक नव्हता. ‘शार्लट ऑब्झर्व्हर’ या दैनिकाने, परदेशांतील धर्मकार्यासाठी मागितलेला पैसा अन्यत्र वळविल्याचे वृत्त १९७९ मध्येच दिले होते; तेव्हा त्या टीकेला धर्मावरील हल्ल्याचे रूप देण्यात आले, आणि संकटात सापडलेल्या धर्माला पैसा अधिकच मिळतो. १९८७ मध्ये एका लैंगिक प्रकरणातील मौनासाठी पैसे मोजल्याचे उघड झाले, तेव्हा बेकर पायउतार झाले. १९८९ मध्ये फसवणुकीच्या व कटाच्या २४ आरोपांखाली त्यांना ४५ वर्षांची सजा झाली. न्यायाधीशाने सजा सुनावताना स्वतःच्या धर्मभावनेचा उल्लेख केला, म्हणून वरिष्ठ न्यायालयाने ती रद्द केली. दोषसिद्धी मात्र कायम राहिली. (धर्माचा मोह न्यायासनालाही आवरला नाही म्हणायचा!) पुढे सजा कमी होत गेली आणि १९९४ मध्ये ते सुटले.

महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वये देवस्थानांप्रमाणे चर्चच्या न्यासांनाही तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात. तो कायदा कितपत पाळला जातो हा प्रश्न निराळा. विचारण्याचा अधिकार तरी कागदावर आहे. अमेरिकेत अन्य धर्मादाय संस्थांना वार्षिक विवरणपत्र सक्तीचे असले, तरी चर्चला त्यातून सूट आहे. २००७ मध्ये सिनेटर ग्रासली यांनी सहा दूरचित्रवाणी-धर्मसंस्थांकडे हिशेब मागितले. काहींनी ते पुरते दिलेच नाहीत, आणि २०११ मध्ये कोणालाही दंड न होता ती चौकशी संपली.

बेकर २००३ मध्ये पुन्हा दूरचित्रवाणीवर आले. २०२० च्या फेब्रुवारीत त्यांच्या कार्यक्रमातून चांदीचे एक द्रावण करोनावरील गुणकारी उपाय असल्याचे भासवून विकले जाऊ लागले. मिसुरी राज्याने खटला भरला. २०२१ च्या तडजोडीत त्यांनी दोष मान्य केला नाही, पण ग्राहकांना सुमारे १ लाख ५६ हजार डॉलर परत करण्याचे कबूल केले. त्या द्रावणासाठी दिलेल्या रकमेचे नाव कार्यक्रमात ‘देणगी’ असे होते.