प्राध्यापक पाटलांनी कारखाना का नाही काढला?



ठाणे असो की डोंबिवली, बॅचमध्ये पहिला प्रश्न ठरलेला: "सर, गाळा कुठे घेऊ, मशीन कुठलं घेऊ?" कर्जाची फाईल तयार असते, गिऱ्हाईक एकही नसतं! म्हणून आज सुहास पाटील यांच्याबद्दल सांगतो.

जन्म १९४४ चा, जमशेदपूरचा. आयआयटी खरगपूरहून ते अमेरिकेत एमआयटीला गेले, डॉक्टरेट केली आणि तिथेच शिकवू लागले. १९७१ मध्ये त्यांनी मांडलेलं एक कोडं संगणकशास्त्राचे विद्यार्थी आजही सोडवतात. तीन माणसं, तिघांनाही सिगारेट ओढायची आहे. (व्यसनाचं सोडा, कोडं बघा!) एकाकडे तंबाखू, दुसऱ्याकडे कागद, तिसऱ्याकडे काडेपेटी. चौथा माणूस यातल्या कुठल्याही दोन वस्तू टेबलावर ठेवतो. आता ज्याच्याकडे नेमकी तिसरी वस्तू आहे, त्यानेच त्या उचलायच्या. भलत्याने एक जरी उचलली की सगळंच अडतं. एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅम्सचा मेळ कसा घालायचा, त्याबद्दलचं हे कोडं.

पुढे पाटील युटा विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी चिपचं डिझाईन झटपट करण्याची पद्धत विकसित केली आणि १९८१ मध्ये सॉल्ट लेक सिटीत 'पाटील सिस्टम्स' काढली. १९८४ मध्ये ती सिलिकॉन व्हॅलीत गेली आणि 'सिरस लॉजिक' झाली. हार्ड डिस्क चालवणाऱ्या चिप्समध्ये तिने नाव कमावलं. पण चिप बनवण्याचा कारखाना? तो दुसऱ्यांचा. यांचं फक्त डिझाईन. आपल्या भाषेत सांगायचं तर माल जॉबवर्कने करून घ्यायचा! कंपनी चालवायलाही पाटलांनी सिग्नेटिक्समधला अनुभवी माणूस, मायकेल हॅकवर्थ, आणला आणि स्वतः अध्यक्ष राहिले. संस्थापकाला हे जमणं मला कारखान्यापेक्षाही अवघड वाटतं. १९८९ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले.

आता तुमच्याकडे येऊ. समजा, डोंबिवलीत तुमचा मसाल्याचा ब्रँड आहे. महिन्याची ऑर्डर ४० किलो, कांडप मशीनचा हप्ता १८ हजार. म्हणजे किलोमागे ४५० रुपये नुसत्या हप्त्यातच गेले! मिरची, धणे, पाऊच, वीज अजून बाकीच आहे. तोच मसाला बाहेर डंकावर कांडून घेतलात तर जेवढे किलो, तेवढेच पैसे. ऑर्डर नसेल त्या महिन्यात खर्च शून्य. तुमची वस्तू म्हणजे तुमचं प्रमाण, तुमची चव, तुमचं लेबल. ती मात्र कुणाला देऊ नका. प्रमाण घरीच मोजून द्या आणि कांडप होईपर्यंत समोर उभे राहा.

सिरसचंही पुढे असंच झालं. नव्वदच्या दशकात चिप्स कमी पडतील या भीतीने कंपनीने आयबीएम आणि एटी अँड टी यांच्याबरोबर कारखान्यांत भागीदारी केली. धंदा मंदावला, तरी कारखान्याचे पैसे द्यावेच लागत होते. दशक संपता संपता दोन्हींतून बाहेर पडावं लागलं.

मशीन कधीच घेऊ नका, असं मी म्हणत नाही. सलग सहा महिने जॉबवर्कचं बिल हप्त्यापेक्षा जास्त येऊ लागलं, की घ्या. तोवर वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीत एक चक्कर मारा, तीन ठिकाणचे जॉबवर्कचे दर वहीत लिहून आणा. पुढच्या बॅचला ती वही सोबत आणा, हिशोब तिथेच मांडू.