कॅरॅव्हॅनचा एसी आणि मंडळाचा जनरेटर



कार्यकारिणीच्या गेल्या बैठकीत एक प्रश्न निघाला आणि नेहमीप्रमाणे तो आमच्या गळ्यात पडला. आपल्यातल्या पाच-सहा कुटुंबांकडे आता कॅरॅव्हॅन आहेत, काहींच्या छपरावर एसीही आहे. तेव्हा मंडळाने सर्वांसाठी मिळून एक जनरेटर घ्यावा का, आणि घ्यायचा तर केवढा? "तुम्ही सायन्सवाले, तुम्हीच लिहा," असे ठरले. आमचा विषय रसायनशास्त्र. जनरेटरशी आमची खरी ओळख गणपतीच्या मांडवामागे धडधडणाऱ्या यंत्रापुरतीच होती. पण गेल्या जानेवारीत ती जरा जास्तच जवळून झाली, म्हणून लिहीत आहोत.

ख्राइस्टचर्चमध्ये एसी कशाला, असे पुण्या-नागपूरचे लोक विचारतात. त्यांना सांगावे की ७ फेब्रुवारी १९७३ रोजी नॉरवेस्टर वाऱ्यात आपल्या शहरात ४१.६ आणि शेजारच्या रँगिओरात ४२.४ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. असे दिवस क्वचितच, हे खरे. पण उन्हात उभी असलेली कॅरॅव्हॅन म्हणजे पत्र्याचा डबा. बाहेर तिशी ओलांडली की आत म्हाताऱ्या माणसाला दुपारी आडवे होणे अशक्य होते.

आमच्याबरोबर आई होती. ती दोन महिन्यांसाठी इकडे आली होती. वाइटाकी नदीवरच्या एव्हिमोर तळ्याकाठी आम्हाला जागा मिळाली ती विजेच्या जोडणीशिवायची. वरच्या अंगाला बेनमोरचे धरण. १९६५ पासून तिथे वीज निघते, क्षमता ५४० मेगावॅट, आणि तिथूनच ती समुद्राखालच्या तारांतून नॉर्थ आयलंडला जाते. आणि आम्ही त्याच नदीकाठी उसन्या जनरेटरमध्ये पेट्रोल ओतत बसलो होतो!

त्या जनरेटरवर लाल अक्षरांत '२०००' लिहिले होते. आमच्या एसीला चालताना सुमारे ११०० वॅट लागतात. गणित सोपे वाटले. एसीचे बटण दाबले, आत 'घूं' असा आवाज झाला, जनरेटरचा लाल दिवा लागला आणि सगळे बंद. असे चार वेळा. शेवटी फ्रिज आणि चार्जर काढले, जनरेटरची 'इको' कळ बंद करून इंजिन आधीच पूर्ण वेगाने पळू दिले, तेव्हा पाचव्या वेळी एसी चालू झाला. आई म्हणाली, "अरे, एवढा दंगा करून हे एवढंच गार?"

यात आमच्या तीन चुका होत्या. पहिली, खोक्यावरचा मोठा आकडा. तो बहुधा व्हीए मध्ये असतो आणि काही क्षणच मिळणाऱ्या शक्तीचा असतो. आपल्याला हवा तो 'रेटेड' म्हणजे सतत मिळणाऱ्या वॅटचा आकडा, जो मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत सापडतो. उदाहरणार्थ, होंडाच्या २.२ केव्हीएच्या प्रसिद्ध लहान मॉडेलची सतत शक्ती १.८ किलोवॅट आहे. उंचीवर हवा विरळ, म्हणून इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला तीन-साडेतीन टक्क्यांनी घटते. टेकापो ७१० मीटरवर आहे, म्हणजे तिथे आठेक टक्के गेलेच समजा.

दुसरी चूक, एसीचा आकडा. एसीवर '२.६ किलोवॅट' लिहिलेले असले तर ती बहुधा थंडावा देण्याची क्षमता असते. वीज त्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी किंवा थोडी अधिक लागते. हा आकडा पाहून कोणी घाबरून चौपट मोठे यंत्र घेतो.

तिसरी, आणि आम्हाला नडली ती, म्हणजे चालू होतानाचा झटका. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर चालताना पाच अँपिअर घेत असेल तर सुरू होताना क्षणभर वीस-पंचवीस मागतो. १.६ किलोवॅटचा जनरेटर सतत देऊ शकतो सातच्या आसपास. थांबलेली बैलगाडी हलवताना बैलाला जो जोर लावावा लागतो, तसेच हे. यावर तीन उपाय. मोठा जनरेटर, पण ३ केव्हीएचे चांगले यंत्र पन्नास-साठ किलोपर्यंत भरते, ते कोण उचलणार? दुसरा, दोन लहान जनरेटर खास केबलने एकत्र जोडणे. तिसरा, एसीला 'सॉफ्ट स्टार्टर' बसवून घेणे. हा लहानसा इलेक्ट्रॉनिक डबा तो झटका निम्म्याहून कमी करतो. आम्ही तो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला आणि तेव्हापासून वीस-एकवीस किलोचा लहान जनरेटर पुरतो. ज्यांचा एसी मुळातच इन्व्हर्टर जातीचा आहे, त्यांना याची गरज नाही.

पण मुख्य गोष्ट ही नव्हेच.

जनरेटरबरोबर आलेली वायर तीन मीटरची. नॉरवेस्टर वाहत होता, म्हणून आम्ही शहाणपणाने जनरेटर कॅरॅव्हॅनच्या आग्नेयेला, मडगार्डाजवळ ठेवला. धूर लांब तळ्याकडे जाई. आई आणि आमची चार वर्षांची मुलगी आत एसीत झोपल्या. आम्ही दोघे झाडाखाली पत्ते खेळत बसलो. कँटरबरीत राहणाऱ्याला सांगायला नको पुढे काय होते ते. चारच्या सुमारास वारा पडला आणि थोड्या वेळात गार सदर्ली सुटली. आम्हाला बरे वाटले! वारा फिरला म्हणजे धूरही फिरला, हे डोक्यात आले नाही. इतक्यात आतून कर्कश आवाज सुरू झाला.

आमच्या जुन्या कॅरॅव्हॅनमध्ये पलंगाजवळ आधीच्या मालकाने एक पांढरी डबी लावली होती. आम्ही तिला धुराचा अलार्म समजत होतो. बॅटरी संपली म्हणून ती रात्री टिकटिकायची, तेव्हा काढून टाकणारच होतो. केवळ आळसापायी नवी बॅटरी घालून ठेवली. ती कार्बन मोनॉक्साइडची होती. पडद्यावर १२० च्या आसपास आकडा होता, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एवढे भाग. दोघींना बाहेर आणले, जनरेटर बंद केला. आई म्हणाली, "डोकं दुखतंय मघापासून, उन्हाचं असेल." मुलगी पेंगुळलेली होती. त्याच संध्याकाळी दोघींना डॉक्टरांना दाखवले. सुदैवाने पुढे काही झाले नाही.

हा वायू आम्हाला शिकवलेला आहे, आम्ही तो शिकवलेलाही आहे. त्याला रंग नाही, वास नाही. तो हवेपेक्षा किंचितच हलका, म्हणून वर निघून जात नाही, हवेत मिसळून राहतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि साध्या हवेत त्याचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात. देशात हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात, तो हाच. मोटारीत कन्व्हर्टर असतो, लहान जनरेटरमध्ये बहुधा नसतो. त्याच्या इंजिनाला पेट्रोल सढळ आणि हवा कमी मिळते, त्यामुळे धुरात हा वायू काही टक्के असू शकतो.

"पण खिडक्या तर बंद होत्या," असे आम्हीही म्हणालो. गॅसची शेगडी असलेल्या कॅरॅव्हॅनला खाली आणि वर कायमची उघडी भोके ठेवलेली असतात. ती शेगडीच्या सुरक्षेसाठीच असतात, बुजवायची नाहीत. धूर तिथूनच आला. आणि डोकेदुखी, मळमळ, सुस्ती ही लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच, हे यातले सर्वांत वाईट. कोणी गळून गेलेले दिसले तर आधी बाहेर काढावे, मग १११ ला फोन करावा.

म्हणून जनरेटर निवडताना आम्ही आता पहिला प्रश्न विचारतो तो वायरचा. यंत्र कॅरॅव्हॅनपासून, तंबूपासून आणि शेजाऱ्यांपासूनही निदान सहा मीटर दूर हवे, तोंड पलीकडे करून. ऑनिंगखाली तर कधीच नाही, पाऊस असला तरी नाही. त्यासाठी पंधरा मीटरची जाड वायर लागते. पातळ, १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत एसी सुरू होताना तेरा-चौदा व्होल्ट गळतात, २.५ च्या वायरीत पाच-सहा. रिळावरची वायर पूर्ण उलगडावी, नाही तर तापते. आणखी एक: कॅरॅव्हॅनमधली आरसीडी नेहमीच्या जोडणीवर जसे रक्षण करते तसे लहान जनरेटरवर करीलच असे नाही, कारण त्याची एकही तार जमिनीला जोडलेली नसते. दर चार वर्षांनी इलेक्ट्रिकल वॉरंटसाठी जाताच, तेव्हा हेही विचारून घ्या.

पेट्रोलविषयी थोडेसेच. ११०० वॅटला तासाला सुमारे पाऊण लिटर लागते. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नये. सहल संपली की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करावा. राहिलेल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, डिंकासारखा गाळ उरतो आणि पुढच्या ख्रिसमसला दोरी ओढून खांदा दुखतो. आवाजाबद्दल काय सांगावे? इन्व्हर्टर जातीचाच घ्या, आणि तळावरच्या फलकावर वेळा किंवा बंदी लिहिली असेल तर ती पाळा. बॅटरीचे 'पॉवर स्टेशन' काहींनी सुचवले आहे. धूर नाही, आवाज नाही, पण २ किलोवॅट-तासांची बॅटरी आमचा एसी सलग दोन तासही चालवत नाही. दुपारच्या एका डुलकीपुरती ठीक.

खरे तर ज्यांना जमेल त्यांनी हिवाळ्यातच विजेची जागा राखून ठेवावी, हे सर्वांत स्वस्त. तरीही मंडळाने जनरेटर घ्यावा असे आमचे मत झाले आहे. बागेतल्या कार्यक्रमांना तो लागतोच. शिवाय २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेकडच्या उपनगरांत कित्येक दिवस वीज नव्हती, हे तेव्हा इथे असलेल्यांना आठवत असेल. (मात्र तो घरातल्या सॉकेटमध्ये उलटा जोडायचा नाही. ती वीज रस्त्यावरच्या तारांत शिरते आणि दुरुस्तीला चढलेला माणूस मरू शकतो.)

आमची सूचना अशी: १.८ किलोवॅट सतत देणारा एक इन्व्हर्टर जनरेटर, पंधरा मीटरची वायर आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, तिन्ही एकाच खोक्यात. नेणाऱ्याने वहीत सही करताना अलार्मचे बटण दाबून आवाज ऐकवायचा, त्याशिवाय खोके द्यायचे नाही. आम्ही हे आईला फोनवर सांगितले, तर तिला अजून राग आहे की त्या डबीने छान लागलेली झोप मोडली.

ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी पुढच्या बैठकीला येताना एसीच्या पट्टीवरचे दोन आकडे, चालतानाचे अँपिअर आणि सुरू होतानाचे (तिथे 'एलआरए' असे लिहिलेले असते), कागदावर उतरवून आणावेत. त्यावरून सॉफ्ट स्टार्टर कोणाला लागेल ते तिथेच सांगता येईल.