सराफाच्या ड्रॉवरमधली जुनी नाणी: घ्यायची का, आणि कितीला?

गेल्या महिन्यात एका तरुण प्रेक्षकाचा मेसेज आला. "सर, माझ्याकडे पन्नास हजार रुपये आहेत. आमच्या गावातल्या सराफाकडे गहाण पडलेली राणीछाप नाणी बरीच आहेत. तो वजनावर द्यायला तयार आहे. घेऊन ऑनलाइन विकली तर धंदा होईल का?"

प्रश्न चांगला आहे. पण व्हिडिओत हा विषय दहा मिनिटांत उरकावा लागला, आणि नंतर कमेंटमध्ये तेच तेच प्रश्न आले. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. या धंद्यात मी स्वतः पैसे कमावलेत आणि घालवलेतही. आधी घालवले, मग कमावले.

आधी हा माल सराफाकडे येतो कुठून ते बघू. आपल्याकडे बऱ्याच सराफांकडे सावकारीचं लायसन्स असतं. लोक दागिने तारण ठेवून पैसे घेतात. दागिन्यांबरोबर आजीच्या पेटीतले चार बंदे रुपयेही येतात. काही लोक सोडवतात, काही कधीच येत नाहीत. दुसरा रस्ता मोडीचा. चांदीचा भाव चढला की घराघरांतून जुनी चांदी बाहेर पडते. पैंजण, करंडे, वाट्या, आणि त्यात नाणी. सराफाच्या दृष्टीनं हे सगळं एकच, चांदी. तो वजन करतो, टंच बघतो, घट कापतो आणि माल आटणीला पाठवतो. नाण्यावर कुठलं साल आहे हे बघायला त्याला वेळ नसतो आणि गरजही नसते.

तुमची संधी एवढीच आहे. जो माल तो वजनावर मोजतो, त्यातले काही नग तुम्ही नगावर विकू शकता. यापेक्षा मोठं काही स्वप्न दाखवणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

आता गणित. ब्रिटिश काळातल्या चांदीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम. जुना तोळा तो हाच. आज सराफ तोळा म्हणतो तेव्हा तो १० ग्रॅम धरतो, म्हणून बोलताना "तोळ्याचा भाव" न विचारता ग्रॅमचा विचारा. नाहीतर पहिल्याच व्यवहारात गोंधळ होतो. माझा झाला होता.

या रुपयात ९१.७ टक्के चांदी आहे. म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम. व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज, आणि सहाव्या जॉर्जचे १९३९ पर्यंतचे रुपये या हिशोबात येतात. १९४० पासून सरकारनं चांदी निम्म्यावर आणली. वजन तेच, पण चांदी ५० टक्के, म्हणजे ५.८३ ग्रॅम. १९४७ चा वाघाचं चित्र असलेला रुपया तर निकेलचा आहे. तो लोहचुंबकाला चिकटतो. दिसायला तिन्ही पांढरे, हातात तिन्ही सारख्याच वजनाचे. ड्रॉवरमधून मूठभर नाणी तुमच्यासमोर टाकली तर पहिलं काम म्हणजे सालाप्रमाणे तीन ढीग करायचे.

समजा चांदी ग्रॅमला १०० रुपये आहे. (हा आकडा फक्त हिशोब सोपा व्हावा म्हणून. तुम्ही त्या दिवशीचा भाव धरा.) पहिल्या ढिगातल्या एका रुपयाची धातूची किंमत झाली १,०६९. दुसऱ्या ढिगातल्याची ५८३. नाणं झिजलेलं असेल तर वजन आणखी कमी भरतं, म्हणून प्रत्येक नग काट्यावर ठेवायचाच. आता सराफाला आटणीतून समजा १,०३० मिळणार असतील, तर तुम्ही त्याला १,०९० द्या आणि बदल्यात एकच मागा, "शेठ, नाणी मी निवडून घेणार." निवडीचा हक्क हीच तुमची खरी खरेदी आहे. साठ रुपये जास्त देऊन तुम्ही ढिगातली सर्वांत कमी झिजलेली नाणी उचलता. न विकल्या गेलेल्या नाण्यातही चांदी राहतेच. अगदी मोडीत काढावं लागलं तरी नुकसान मर्यादित राहतं. मात्र चांदीचा भाव पडला तर हा तळही खाली जातो. उधार घेऊन चांदी भरून ठेवू नका.

इथपर्यंत सोपं आहे. लोक अडकतात ते पुढे, "दुर्मिळ" या शब्दात.

माझीच गोष्ट सांगतो. तालुक्याच्या एका पेढीवर मला १९३९ चा रुपया दाखवला गेला. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया खरोखर दुर्मिळ आहे, संग्राहक त्याला चांगली किंमत देतात, हे मी वाचलं होतं. दुकानदारानंही कुठेतरी ऐकलं होतं. त्यानं पंचवीस मागितले, मी बावीस हजारांना घेतला. रात्री झोप लागली नाही, इतका आनंद. पंधरा दिवसांनी मुंबईतल्या एका जाणकाराला दाखवला. त्यानं भिंग लावलं, शेवटचा आकडा बघितला आणि काही न बोलता नाणं माझ्याकडे सरकवलं. आकडा खोटा होता. दुकानदारानं मला फसवलं की तोही फसला होता, ते मला आजही माहीत नाही. बिलावर त्यानं फक्त "जुनी चांदी, १ नग" लिहिलं होतं. मग भांडणार कशाच्या जोरावर?

तेव्हापासून माझा नियम आहे. सराफाच्या काउंटरवर मी दुर्मिळतेचे पैसे देत नाही. धातूचे देतो, वर थोडे निवडीचे. ज्या नाण्याचे जास्त मागितले जातात ते मी सोडून देतो. त्यात एखादं खरं रत्न हातचं गेलंही असेल. जाऊ दे.

आणि जुनं म्हणजे दुर्मिळ नव्हे, हे डोक्यात पक्कं करा. सगळ्यात मोठा गैरसमज १८६२ सालाबद्दल आहे. नवशिक्या माणसाला "१८६२" दिसलं की हात थरथरतात. प्रत्यक्षात टांकसाळीनं हेच साल पुढे १८७३ पर्यंत छापलं. कुठल्या वर्षी पाडलं ते ओळखायला बारीक टिंबांची खूण ठेवली होती. १८४० च्या रुपयाचंही तसंच, तेही साल पुढे वीसेक वर्षं चाललं. म्हणून ही दोन्ही सालं भरपूर सापडतात. टिंबांचे काही प्रकार कमी मिळतात, पण तो अभ्यासाचा विषय आहे. पहिल्या वर्षी त्यात पडू नका. व्हिक्टोरियाच्या नाण्यावर १८७७ पासून क्वीनच्या जागी एम्प्रेस आलं, एवढं कळलं तरी पुरे.

पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया मात्र नजरेत ठेवा. राजाच्या अंगावरच्या झग्यावर हत्तीचं चिन्ह होतं, पण सोंड इतकी आखूड की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, नाणी परत घ्यावी लागली आणि १९१२ पासून चित्र सुधारलं. १९११ चा रुपया त्यामुळे इतरांपेक्षा कमी मिळतो. सराफाच्या ढिगात तो वजनाच्या भावात येऊ शकतो. मला दोनदा आलाय.

खोटं नाणं ओळखायचं कसं? वाजवून बघतात, तो खणखणीत आवाज कानाला कळायला वर्षं लागतात. मी पाण्याची पद्धत वापरतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही. काटा जो आकडा दाखवेल तो बघा. ११.६६ ग्रॅमच्या खऱ्या ९१.७ टक्केवाल्या रुपयाला तो १.१३ च्या आसपास येतो. १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयाला १.२२ च्या आसपास. १.३ च्या वर गेला की चांदी नाही, जर्मन सिल्व्हर किंवा पितळ आहे असं समजा. या परीक्षेला दोन मिनिटं लागतात आणि नाण्याला ओरखडाही पडत नाही. चांदीतच पाडलेलं नकली नाणं मात्र यात पास होतं, हे विसरू नका. माझं १९३९ पण पास झालं असतं.

आणखी दोन गोष्टी पटकन. आपल्याकडे रुपयांना कडी डाखवून गळ्यात घालायची पद्धत होती. कडी काढून टाकली तरी कडेवर डाखाची खूण राहते. असं नाणं संग्राहक घेत नाही, ते फक्त धातूच्या भावात घ्या. दुसरं, सराफाला आधीच सांगून ठेवा की नाणी उजळू नका. चकचकीत केलेलं नाणं पूजेच्या गिऱ्हाईकाला आवडतं, संग्राहकाला नाही. त्याला तो जुना काळपटपणाच हवा असतो.

आता कंटाळवाणा भाग, पण हाच वाचा.

गहाण ठेवलेली वस्तू सावकाराच्या मालकीची नसते. कर्ज थकलं तर भारतीय करार कायद्याच्या कलम १७६ प्रमाणे तो ती विकू शकतो, पण मालकाला विक्रीची रीतसर सूचना देऊन. येणं वसूल होऊन पैसे उरले तर ते मालकाचे. एकदा मी एका ओळखीच्या पेढीवरून अकरा रुपये घेतले. लाल दोऱ्यात बांधलेले, एका पुरचुंडीत. आठ दिवसांनी दुकानदाराचा फोन, "दादा, पार्टी आलीय. सोडवायला." एक बाई मुलीच्या लग्नासाठी नाणी न्यायला आल्या होत्या. सूचना बिचना काही दिलेली नव्हती. दोन नाणी मी विकून बसलो होतो. नऊ घेऊन मी स्वतः गेलो. उरलेल्या दोनांच्या जागी माझ्याकडची त्याच सालांची ठेवली. बाईंनी एकेक नाणं उलटून बघितलं आणि त्या दोनांवर थांबल्या. "ही आमची नाहीत," म्हणाल्या. मी काय बोलणार? घेतली त्यांनी शेवटी.

म्हणून विचारायचंच, "शेठ, हा माल मोडीचा की गहाणाचा? गहाणाचा असेल तर नोटीस दिलीय का?" बिल घ्यायचं, बिलावर नगांची संख्या, साल आणि वजन लिहून घ्यायचं. चोरीचा माल निघाला तर पोलीस तुमच्या दारात येतात, तेव्हा हाच कागद दाखवायचा असतो. बिल द्यायला कां कूं करणाऱ्याकडून फुकटातही घेऊ नका.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं हे पुरावस्तू ठरतं. व्हिक्टोरिया आणि एडवर्डचे सगळे रुपये त्यात बसतात. त्यांचा विक्रीचा धंदा करायचा तर लायसन्स लागतं, आणि असं नाणं तुम्ही देशाबाहेर पाठवू शकत नाही. दुबईच्या गिऱ्हाईकानं दुप्पट पैसे देऊ केले तरी नाही. सुरुवात १९३५ नंतरच्या नाण्यांनी करा, धंदा जमतोय असं वाटलं की लायसन्सच्या मागे लागा. जीएसटीचं तुमच्या सीएला विचारा.

विकताना किंमत कशी ठरवायची? जाहिरातींवरून नाही. तिथे लोक मागतात ती किंमत असते, मिळते ती नाही. मुंबईत टोडीवाला ऑक्शन्ससारखी लिलावगृहं आहेत, त्यांच्या लिलावात नाणं प्रत्यक्षात कितीला गेलं ते बघा. आणि "तुमचं नाणं लाखोंना घेतो, आधी फी भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ ला पत्रक काढून सांगितलंय की बँक असे व्यवहार करत नाही आणि कसलंही कमिशन मागत नाही. रामदरबाराचे "१८१८ चे ईस्ट इंडिया कंपनीचे" तांब्याचे तुकडे कुणी दाखवले तर हसा आणि पुढे चला. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही.

त्या तरुणाला मी सांगितलं, पन्नासातले दहाच हजार काढ. काटा आणि भिंग घे, उरलेल्याची नाणी. परवा त्याचा फोटो आला. दुकानाच्या काउंटरवर पाण्याचा ग्लास, बाजूला सात नाणी आणि बिल. आठवं नाणं त्यानं परत केलं होतं. खाली लिहिलं होतं, "सर, १.३६ आलं. शेठ पण बघत बसले. आता त्यांनी पण काटा मागवलाय."