उरले फक्त शंभर सेकंद!

दोस्तांनो, मुळशी तालुक्यातल्या लवळ्याच्या टेकडीवर कधी चढला आहात? खाली शेतात उभं राहिलं, तर झाडांपलीकडचं काही दिसत नाही. टेकडी चढलात, की लांबची गावंही दिसू लागतात. युद्धनौकेचं रडार उंच डोलकाठीवर बसवतात ते याचसाठी, बरं का!

पृथ्वी गोल. त्यामुळे पाण्यालगत येणारं क्षेपणास्त्र क्षितिजाआड लपतं. रडार २५ मीटर उंच आणि क्षेपणास्त्र पाण्यापासून ५ मीटरवर असेल, तर ते साधारण ३० किलोमीटरवर आल्यावरच दिसतं. त्याचा वेग सेकंदाला ३०० मीटर धरा. करा बरं भागाकार! उरले फक्त १०० सेकंद. तेवढ्यात ते ओळखायचं आणि आपलं क्षेपणास्त्र सोडून वाटेतच पाडायचं.

नाही जमलं तर? ब्रिटनची ‘शेफिल्ड’ ही नौका हवाई हल्ले परतवण्यासाठीच बांधली होती. ४ मे १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या विमानाने सोडलेलं क्षेपणास्त्र तिच्यावर आदळलं. नौकेवरून प्रतिकार झालाच नाही. २० जण प्राणाला मुकले.

आता आपली ‘निलगिरी’ पाहा. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १४९ मीटर लांबीची ही फ्रिगेट १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्या मुख्य रडारला चार बाजूंना चार पाटे आहेत. ते गरगर फिरत नाही. चारही दिशांना एकदम पाहतं! ‘बराक ८’ क्षेपणास्त्रं डेकखाली उभी ठेवलेली असतात. हल्ला कुठूनही येवो, नौका वळवायला नको.

हे सगळं एकाच देशाचं का? छे! रडार इस्रायलचं. बराक ८ भारताच्या डीआरडीओने आणि इस्रायलने मिळून केलेलं. ‘ब्रह्मोस’मध्ये रशियाचा वाटा, तर गॅस टर्बाइन मूळ अमेरिकेचं. पोलाद आणि नौकेचा आराखडा मात्र आपला. त्याच दिवशी दाखल झालेल्या ‘सुरत’ या विनाशिकेवरही असंच रडार आणि बराक ८ आहे. म्हणजे एका नौकेवर शिकलेलं दुसरीवरही कामी येतं.

१९७२ मध्ये पहिली ‘निलगिरी’ याच माझगाव डॉकमधून नौदलात आली, तेव्हा आराखडा ब्रिटनचा होता. आधी दुसऱ्याकडून शिकलो, मग स्वतः रेखाटू लागलो. अभ्यासाचंही असंच असतं, नाही का?

आणि हो, लवळ्याहून समुद्र दिसत नाही म्हणून हिरमुसू नका. नौदलाचे इंजिनिअर जिथे शिकतात, ती ‘आयएनएस शिवाजी’ ही संस्था आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याला आहे. तीही डोंगरातच!