गिटारच्या पोटात दडलंय काय?

ऑगस्ट १९६३. लंडनच्या कडेला असलेल्या फेल्टममध्ये राहणाऱ्या एका १६ वर्षांच्या पोराला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. फेंडर किंवा गिब्सन घेण्याइतके पैसे घरात नव्हते. वडील इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअर. मग बापलेकांनी ठरवलं, आपणच बनवू! जुन्या फायरप्लेसच्या महोगनीची नेक झाली. लाकडाला किडीने पाडलेली भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. बॉडीसाठी जुन्या टेबलाचं ओक. नेकवरच्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. सूर हलवायच्या दांडीला मोटरसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा आणि टोकाला आईच्याच विणायच्या सुईचा तुकडा. दोन वर्षं हे चाललं. पोराचं नाव ब्रायन मे, गिटारचं नाव रेड स्पेशल आणि पुढे ती ज्या बँडमध्ये वाजली तो क्वीन. (हो, तोच. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा.)

हा जुगाड बऱ्याच जणांना माहीत असतो. पण त्यातली सगळ्यात डोकेबाज गोष्ट बाहेरून दिसतच नाही. रेड स्पेशलची बॉडी भरीव वाटते, पण तिच्या आत पोकळ कप्पे आहेत. वरच्या बाजूला व्हायोलिनसारखं एफ आकाराचं छिद्र पाडायचंही ठरलं होतं, ते राहूनच गेलं. कप्पे ठेवण्यामागचं एक मोठं कारण असं, की ब्रायनला गिटारमधून फीडबॅक हवा होता.

आता फीडबॅक म्हणजे काय, हे गॅदरिंगला गेलेल्या कुणालाही सांगायला नको. माइक स्पीकरच्या समोर आला की जी कानाचे पडदे फाडणारी शिट्टी वाजते, ती. गिटारमध्येही तसंच चक्र फिरतं. अॅम्पच्या आवाजाने बॉडी थरथरते, बॉडी तारेला हलवते, तार हलली की पिकअप ते पकडतो आणि पुन्हा अॅम्पकडे धाडतो. सुरुवातीच्या इलेक्ट्रिक गिटार पूर्ण पोकळ होत्या. आवाज वाढवला की त्या घुमायला लागायच्या आणि वाजवणारा वैतागायचा. म्हणून १९४०च्या सुमारास लेस पॉलने पाइनचा एक चौकोनी ठोकळा घेतला, त्यावर तारा आणि पिकअप लावले. त्याचं नावच ‘द लॉग’, म्हणजे ओंडका. ओंडक्यासारखी गिटार लोकांच्या पचनी पडेना, म्हणून पोकळ गिटार मधोमध कापून तिचे दोन अर्धे भाग त्याला दोन्हीकडून चिकटवले. निव्वळ दिखाव्यासाठी! मला हे फार आवडतं, कारण मधे भरीव ठोकळा आणि बाजूला पोकळी ही रचना गिब्सनने १९५८मध्ये ईएस-३३५ काढली तेव्हा मुद्दाम वापरली.

पण थांबा, इथे एक घोळ होतो. पोकळी असली की आवाज ‘मोठा’ होतो, हे अकूस्टिक गिटारचं गणित. इलेक्ट्रिकचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तार. त्याला हवेतला आवाज फारसा कळत नाही, त्याला स्टीलच्या तारेची हालचाल कळते. मग बॉडीचा संबंध कुठे? तारेची ताकद किती वेळ तारेतच राहते, तिथे. तार ज्या ब्रिजवर टेकते, त्याच्याखालचं लाकूड पातळ आणि हलणारं असेल तर ते तारेची ताकद पटकन खाऊन टाकतं. सूर ठसक्यात उमटतो आणि लवकर विझतो. खाली जाड ठोकळा असेल तर सूर रेंगाळतो. कप्पे असलेल्या गिटारमध्ये ब्रिजखालचा भाग भरीवच ठेवतात, त्यामुळे हॉस्टेलच्या खोलीत हळू आवाजात ती आणि भरीव गिटार यांतला फरक ओळखणं कठीण. माझं स्पष्ट मत, तिथे पिकअप कोणता आणि तो कुठे बसवलाय याचा फरक कितीतरी जास्त. खरी गंमत अॅम्प मोठा केल्यावर. तेव्हा गिटार अॅम्पला उत्तर द्यायला लागते.

ब्रायनचं कसब इथेच दिसतं. त्याने बर्न्स कंपनीचे पिकअप विकत आणले आणि त्यांच्या गुंडाळ्या थरथरून नको ती शिट्टी येऊ नये म्हणून त्यांत अॅरल्डाइट भरलं. म्हणजे कर्कश फीडबॅक बंद आणि तारेतून येणारा गोड फीडबॅक चालू!

बाकी कंपन्यांची कारणं याहून साधी होती. फेंडरने १९६८मध्ये टेलिकास्टर थिनलाइन आतून कोरली, कारण हलकं अॅश लाकूड मिळेना. गिब्सननेही वजनासाठीच आधी लेस पॉल मॉडेलला आतून भोकं पाडली आणि २००६च्या अखेरीपासून चक्क कप्पे कोरले. दोन तास उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला विचारा, का ते.

स्वतः बनवायची असेल तर साधारण ४५ मिमी जाडीची बॉडी धरा. राउटरने दोन्ही बाजूंना कप्पे कोरायचे. नेक, पिकअप आणि ब्रिज बसतात तो मधला पट्टा मात्र शाबूत ठेवायचा, कडेला भिंत सोडायची, वरून फळी चिकटवून क्लॅम्प लावायचे. फळी चिकटवण्याआधी कप्प्यांचा नकाशा कागदावर उतरवून ठेवाच. नाहीतर हात टेकायला वरची कड उतरती घासताना पॉलिश पेपर थेट पोकळीत उतरतो आणि महिन्याची मेहनत एका दुपारी जाते. पट्ट्याचा स्क्रू कुठे येणार, तिथेही भरीव लाकूड हवं. आणि हलकं करायच्या नादात फार कोरू नका. बॉडी नेकपेक्षा हलकी झाली की पट्टा गळ्यात अडकवून हात सोडला, की गिटारची मान सरळ जमिनीकडे झुकते. मग वाजवायचं सोडून डाव्या हाताने ती उचलूनच धरावी लागते.